माळ्यावरच्या बंदुकीचे काय करावे?

दसरा जवळ आला की जुन्या नाशकातल्या वाड्यांतून, चांदवड-विंचूरकडच्या घराण्यांतून, पेठ-सुरगाण्याच्या जुन्या घरांतून माळ्यावरचे एक लांबट गाठोडे खाली उतरते. धोतराच्या जुन्या फडक्यात गुंडाळलेले, वरून सुतळीने आवळलेले. आत एखाद-दुसरी तलवार, एखादी कट्यार आणि कुठे कुठे एक बंदूक. जवळजवळ पुरुषभर लांब. नळी तांबूस काळी पडलेली, दस्त्याला चीर गेलेली, चिरेवर पितळी तारेचे वेढे. घरातला तरुण मुलगा ती हातात घेतो आणि त्याच्या मनात पहिला विचार येतो, हिला घासूनपुसून चकचकीत करू या. दुसरा विचार तो जरा दबक्या आवाजात बोलून दाखवतो, ही अजून उडेल का?

दोन्ही प्रश्न मनापासून आलेले असतात. पूर्वजांच्या वस्तूबद्दलची ओढच त्यांत असते. पण दोन्हींचे उत्तर 'नको' असे आहे, आणि ते का, हे नीट समजून घेतले तर त्या बंदुकीसाठी याहून कितीतरी चांगले काम हातून होऊ शकते.

जुन्या बंदुका दुरुस्त करण्याचा छंद परदेशात मोठा आहे. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने १८९८ पर्यंत बनलेल्या बंदुका 'पुरातन' ठरवल्या आणि त्यांच्यावरची बरीच बंधने काढली. तिथले हौशी कारागीर जुनी बंदूक विकत घेतात, मोडलेली कमान बदलतात, दस्ता नवा घडवतात आणि मैदानात जाऊन बार काढतात. त्यांचे व्हिडिओ आपल्याकडची मुले पाहतात आणि आपल्याही माळ्यावरच्या बंदुकीचे तसेच करावे असे त्यांना वाटते. मात्र आपल्याकडे कायदा वेगळा आहे, बंदूक वेगळी आहे आणि नाशिकची हवाही वेगळी आहे.

आधी ओळख करून घ्या

ठासणे म्हणजे दाबून भरणे. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी आत सोडायची आणि गजाने ठासायची, म्हणून ही ठासणीची बंदूक. पण बार पेटवायची तऱ्हा काळानुसार बदलत गेली, आणि त्यावरूनच बंदुकीचे वय आणि कुळ कळते.

सर्वांत जुनी ती तोडेदार. नळीच्या मागच्या टोकाला, उजव्या अंगाला बशीसारखी एक छोटी खोलगट जागा दिसेल. हा बंदुकीचा कान. त्यात बारीक दारू घालत, तिचे नाव रंजक. दस्त्याच्या खाचेत लोखंडी घोडा बसवलेला असतो आणि त्याच्या दुभंगलेल्या चोचीत जळती दोरी, म्हणजे जामगी किंवा तोडा, अडकवत. चाप ओढला की घोडा वाकतो, जामगी कानावर टेकते, रंजक पेटते आणि कानातल्या बारीक भोकातून ज्वाळा नळीत शिरते. युरोपातले संग्राहक या हिंदुस्थानी बंदुकीला आजही 'तोरादार' म्हणतात. तो आपलाच 'तोडेदार' शब्द आहे, त्यांच्या जिभेवर थोडा बदललेला.

पुढची चकमकीची. तिच्या घोड्याच्या जबड्यात गारगोटीचा तुकडा आवळलेला असतो. तो पोलादी पट्टीवर आपटून ठिणगी पाडतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेच्या हाती हीच बंदूक होती. बाजूच्या लोखंडी पाटीवर बदामाच्या आकृतीत कोरलेली कंपनीची आद्याक्षरे किंवा मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह दिसला, तर ती कंपनीच्या कोठारातून आलेली असण्याचा संभव मोठा. तिसरी टोपीची. अलेक्झांडर फॉर्सिथ या स्कॉटिश पाद्र्याने १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या स्फोटक द्रव्याचे पेटंट घेतले. त्यातून पुढे तांब्याची इवलीशी टोपी आली आणि १८४० च्या सुमारास ब्रिटिश सैन्याने गारगोटी सोडून ती स्वीकारली.

गंमत अशी की चकमक आणि टोपी येऊनही आपल्याकडची तोडेदार बंदूक एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून राहिली. चकमकीच्या बंदुकीला नाजूक कमानी लागत, त्या मोडल्या की गावात दुसऱ्या करणारा कोणी नसे. तोडेदारात मोडण्यासारखे फारसे काही नव्हतेच. खेड्यातला लोहार किंवा घिसाडी ती दुरुस्त करू शके. नळी दस्त्याला स्क्रूने जखडलेली नसून चामड्याच्या वादीने किंवा पितळी पट्ट्यांनी बांधलेली असे. वादी सैल झाली, दुसरी बांधली. म्हणून तुमच्या बंदुकीच्या दस्त्यावर पितळी तारेचे वेढे दिसले तर ती विद्रूप डागडुजी समजून काढू नका. कुणा अनाम कारागिराच्या हाताची ती खूण आहे, आणि बहुधा त्याची दुसरी कोणतीही खूण आज उरलेली नाही.

नळीकडेही एकदा भिंगातून पाहा. अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त नळी बनवण्याची रीत लिहून ठेवली आहे. लोखंडाची पट्टी चपटी करून तिरकी वळवत न्यायची, एक पदर दुसऱ्यावर थोडा चढवायचा आणि तापवून, ठोकून ते पदर सांधायचे. अशा नळीवर उजेड तिरका पडला की पाण्यावरच्या लहरींसारखी नक्षी दिसते. ही नक्षी रंगवलेली किंवा कोरलेली नसते; लोखंडाच्या पदरांचीच ती घडण असते.

नाशिकच्या डोंगरांतली बंदूक

या जिल्ह्याला दारूगोळ्याचा मोठा इतिहास आहे. नाशिक-पेठ रस्त्यावर आशेवाडीच्या डोक्यावर रामशेज उभा आहे. १६८२ मध्ये औरंगजेबाचा सरदार शहाबुद्दीन खान याने त्याला वेढा घातला. किल्ल्यावर लोखंडी तोफा नव्हत्या. मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो की किल्लेकऱ्यांनी झाडांचे बुंधे पोखरले, त्यांवर कातडे चढवले आणि त्याच लाकडी तोफा वेढा घालणाऱ्यांवर डागल्या. शत्रूकडच्या इतिहासकाराने दिलेली ही दाद आहे. ज्यांच्याकडे धातू नव्हता त्यांनी लाकडाची तोफ केली, आणि किल्ला काही वर्षे झुंजत राहिला.

१८१८ मध्ये इंग्रजांनी त्र्यंबक घेतला आणि मग मालेगावच्या भुईकोटाला वेढा दिला. आत अरब शिबंदी होती. जवळजवळ महिनाभर तिने कंपनीच्या फौजेला दाद दिली नाही. शेवटी तोफगोळ्यांच्या माऱ्यात आतले दारूचे कोठार उडाले आणि जूनमध्ये शिबंदी शरण आली. १८५७ मध्ये सिन्नर भागात नांदूर शिंगोट्याजवळ भागोजी नाईकांच्या भिल्लांनी हेन्री नावाच्या पोलीस अधिकाऱ्याला ठार केले. पुढची दोन वर्षे भागोजी नाईक इंग्रजांना पुरून उरले.

१८५७ च्या उठावानंतर हत्यारे गोळा करण्याचे कायदे आले आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाच्या हातातली बंदूक परवान्याखाली आणली. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. हा अपमान काँग्रेसच्या अधिवेशनांतून वर्षानुवर्षे बोलून दाखवला गेला. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. ते ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून चोरवाटेने आले होते, कारण देशात उघडपणे शस्त्र मिळणे अशक्य झाले होते. आज त्याच नाशकात देवळालीला तोफखान्याचे प्रशिक्षण विद्यालय आहे आणि नाशिक रोड कॅम्पात तोफखान्याचे संग्रहालय.

माळ्यावरची बंदूक या सगळ्या काळातून आलेली असते. जमा करण्याच्या हुकमातून ती कशी वाचली, कुणाची होती, शिलेदाराची, पाटलाची की शिकाऱ्याची, हे कोणत्याही दप्तरात लिहिलेले नसते. ते तिच्या अंगावर वाचावे लागते. म्हणूनच तिच्या अंगावरचा प्रत्येक ओरखडा मोलाचा.

कायदा काय म्हणतो

शस्त्र अधिनियम, १९५९ मधील कलम ५ प्रमाणे बंदूक बनवायला किंवा विकायला जसा परवाना लागतो, तसाच तिची दुरुस्ती करायला आणि तिची चाचणी घ्यायलाही लागतो. म्हणजे घरातल्या हत्यारपेटीतला पाना घेऊन घोडा आणि चाप चालू करणे हा आपल्याकडे नुसता छंद राहत नाही, तो गुन्हा ठरू शकतो. त्याच कायद्याच्या कलम ४५ मध्ये एक सूट आहे. जुन्या घडणीची, पुरातन मोलाची किंवा मोडकी बंदूक दुरुस्त करूनही वा न करताही उडवता येण्यासारखी नसेल, तर तिला हा कायदा लागू होत नाही. यातली मेख ध्यानात घ्या. बंदूक निकामी असणे हेच तिचे संरक्षण आहे. ती चालू केलीत की ते संरक्षण तुम्ही स्वतःच्या हाताने घालवलेत.

फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने नियमांत बदल केला. दुर्मीळ संग्राह्य वस्तू म्हणून गणल्या जाणाऱ्या काही जुन्या शस्त्रांसाठी ती नुसती जवळ ठेवायला भारतीय नागरिकाला परवान्याची गरज राहिली नाही. मात्र ती वापरायची, बरोबर घेऊन फिरायचे किंवा एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायची तर परवाना लागतोच. आपली बंदूक या सवलतीत बसते की नाही हे आपण ठरवायचे नसते. नाशिक शहरात पोलीस आयुक्तालय आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालय यांच्याकडे लेखी विचारणा करावी. पीक संरक्षणासाठी परवान्यावर घेतलेली ठासणीची बंदूक असेल तर तिचा प्रश्न वेगळा. ती चालू शस्त्र आहे आणि मालक वारला असेल तर वारसांनी ताबडतोब कळवले पाहिजे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या प्राचीन वस्तू व कलासंपदा कायद्याच्या कक्षेतही येते. परदेशातला भाचा कितीही आग्रह करो, ती देशाबाहेर पाठवता येत नाही.

भरलेली आहे का?

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. ठासणीची बंदूक एकदा भरली की सहज रिकामी होत नाही. त्यामुळे रात्री राखणीसाठी भरून भिंतीला टेकवलेली बंदूक तशीच राहून जाई. काळी दारू कोरडी राहिली तर पिढ्या उलटल्या तरी पेट घेऊ शकते. संग्रहालयांत पोचलेल्या जुन्या बंदुकाही भरलेल्या निघाल्या आहेत. म्हणून कोणतीही जुनी बंदूक भरलेलीच आहे असे धरून चालावे.

संग्रहालयात पहिली तपासणी होते ती एका साध्या लाकडी काठीने. बंदूक आडवी ठेवतात, तोंडासमोर कुणालाही उभे राहू देत नाहीत, चापाला हात लावत नाहीत. काठी नळीत हलकेच जाईल तेवढी जाऊ देतात, तोंडाशी तिच्यावर पेन्सिलची खूण करतात आणि काठी बाहेर काढून नळीच्या बाहेरून धरून पाहतात. काठीचे टोक कानापर्यंत पोचले तर नळी रिकामी. चार-सहा बोटे अलीकडेच थांबले तर आत काहीतरी आहे. ती घाण असेल, मुंगळ्यांची माती असेल, पण दारू आणि गोळीही असू शकेल. अशा वेळी आत काही खुपसू नये, ठोकू नये, तापवू नये. बंदूक जिथे आहे तिथेच ठेवावी आणि पोलिसांना कळवावे.

आणि 'उडेल का' या प्रश्नाचे खरे उत्तर इथेच आहे. नळीचा मागचा भाग, जिथे स्फोटाचा सगळा दाब येतो, तोच आतून सर्वांत जास्त गंजलेला असतो. सांधलेल्या पदरांत गंज शिरला की सांधा उकलतो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. अशी नळी फुटली तर ती उडवणाऱ्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर फुटते.

गंजाशी कसे वागावे

आपल्या फौजांबरोबर शिकलगार असत. हत्याराला पाणी देणे, धार लावणे, गंज घासून लखलखीत करणे हा त्यांचा पिढीजात धंदा. अकबराने तर बैलाने फिरवायच्या चाकावर एका वेळी सोळा नळ्या साफ करण्याची युक्ती काढली होती, असे 'ऐन-ए-अकबरी' सांगते. मग शिकलगार करत होता तेच आज आपण केले तर बिघडले कुठे?

शिकलगार वापरातले हत्यार घासत होता. प्रत्येक घासणीत धातूचा एक थर जातो हे त्यालाही ठाऊक होते. हत्यार झिजले की दुसरे येणार होते. आज आपल्या हातातल्या बंदुकीच्या जागी दुसरी येणार नाही. बिकानेरच्या जुनागडातल्या शस्त्रांवर बारीक टिंबांनी ठोकलेली अक्षरे आहेत. १६८९ च्या अदोनीच्या मोहिमेतून ती शस्त्रे आली हे त्या टिंबांवरून कळले. ही टिंबे केसाएवढी खोल. पॉलिश पेपरचे दहा हात फिरले असते तर तो इतिहास भुकटी होऊन जमिनीवर पडला असता. कोफ्तगिरीचा, म्हणजे लोखंडावर ठोकून बसवलेल्या नक्षीचा, सोन्या-चांदीचा पत्रा तर त्याहून पातळ असतो. आपल्या अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेत जाणाऱ्या नाणेसंग्राहकांना हा धडा पाठ असतो, की जुने नाणे घासू नये. बंदुकीला तोच नियम लावायला हवा.

गंजही सगळा सारखा नसतो. काळपट, घट्ट, गुळगुळीत थर बहुधा स्थिर असतो. तो खालच्या लोखंडाचे रक्षण करतो आणि त्याला हात लावू नये. नारिंगी, भुसभुशीत, पापुद्रे सुटणारा गंज जिवंत असतो, म्हणजे आत कुरतडणे चालू असते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून पापुद्रे फुगून सुटतात. ओळखायची सोपी खूण आहे. बंदूक पांढऱ्या कागदावर चार दिवस ठेवा. कागदावर नारिंगी भुकटी पडली तर गंज चालू आहे.

तो चालू ठेवणारे दोन घटक आहेत, क्षार आणि ओल. जळालेल्या काळ्या दारूचा साका हवेतले पाणी ओढतो. हाताच्या घामातले मीठही तेच करते. त्यात नाशिकचा पावसाळा. जून ते सप्टेंबर हवा ओली, थंडीत कोरडी, उन्हाळ्यात आणखी कोरडी. लोखंडाला कोरडे हवे असते, तर दस्त्याच्या लाकडाला फार कोरडे सोसत नाही, ते तडकते. म्हणून साधारण ४५ ते ५० टक्के आर्द्रता आणि त्यात शक्य तितका कमी चढउतार, हा दोघांना मानवणारा मध्य.

जिवंत गंज थांबवण्यासाठी संग्रहालयातले तज्ज्ञ मऊ ब्रश आणि बांबूच्या काड्यांनी सुटा गंज काढतात, मग टॅनिक आम्ल लावतात. त्याने गंजाचे निळसर काळ्या, स्थिर संयुगात रूपांतर होते. ही रासायनिक क्रिया आपल्या आज्या-पणज्यांना माहीत होती. सह्याद्रीत वेचला जाणारा हिरडा टॅनिनने भरलेला असतो. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, एकत्र करून काळी शाई आणि कापडाचा काळा रंग करत. लोखंड आणि टॅनिन यांचे तेच नाते प्रयोगशाळेत जुन्या लोखंडाच्या रक्षणासाठी वापरले जाते. पण म्हणून घरी हिरडा उगाळून नळीला फासू नये; त्यातले पाणीच नवा गंज आणेल. नंतर तज्ज्ञ सूक्ष्म स्फटिकी मेणाचा पातळ हात देतात. ब्रिटिश म्युझियममध्ये तयार झालेले असे मेण जगभर वापरतात, कारण ते पुढे कधीही काढून टाकता येते. जतनाचा पहिला नियमच हा आहे, की आज केलेला उपचार उद्या परत फिरवता आला पाहिजे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आणि लखनौच्या राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळेत हे काम शास्त्रशुद्ध होते. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडेही सल्ला मागता येतो.

घरी एवढे करा

नळी रिकामी असल्याची खात्री झाल्यावर सर्व बाजूंनी फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. खुणा, अक्षरे, आकडे जसेच्या तसे वहीत उतरवा. हात लावताना रबरी हातमोजे घाला. धूळ मऊ कोरड्या ब्रशने झटका. पाणी, चिंच, लिंबू, राख, पितळेची पावडर यांतले काही नको. खोबरेल आणि अळशीचे तेल चिकट होऊन धूळ धरते. चामड्याच्या म्यानात, मखमलीत, वर्तमानपत्रात किंवा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका; धुतलेल्या, बिनखळीच्या सुती कापडात ठेवा. भिंतीवर खिळ्याला टांगण्यापेक्षा दोन ठिकाणी मऊ आधार देऊन आडवी ठेवणे चांगले, आणि ती भिंत बाहेरची, ओल धरणारी नसावी.

शस्त्रपूजन थांबवायचे कारण नाही. पाऊस सरता सरता येणारा दसरा हा गंज तपासायचा उत्तम मुहूर्त आहे. ज्या घरांनी दरसाल गाठोडे सोडले त्यांच्याच वस्तू टिकल्या. फक्त हळदकुंकू नळीवर न लावता शेजारी मांडलेल्या सुपारीवर वाहा, आणि झेंडूची ओली माळ बंदुकीवर न घालता पाटाभोवती ठेवा. पूजा झाली की घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला बंदुकीजवळ बसवा आणि तिच्याविषयी ते जे सांगतील ते तारीख घालून लिहून घ्या. नळी आणखी शंभर वर्षे टिकेल, पण ती कुणाची होती हे सांगणारा माणूस तेवढा टिकणार नाही. म्हणून या दसऱ्याला गाठोडे सोडाल तेव्हा शेजारी वही आणि पेन आधी ठेवा.